धान्यापासून घरची बिअर: एकच कृती, चार बॅच

अमेरिकेत राहणाऱ्या आणि घरी बिअर बनवून पाहण्याची हौस असलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. माल्टचा तयार पाक विकत आणून पाण्यात उकळला तरी बिअर होते, आणि बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. आपण तो पाक वापरणार नाही. बार्लीचं माल्ट आणायचं, गरम पाण्यात भिजवून त्यातली साखर स्वतः काढायची, हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) घालून उकळायचं, गार करून यीस्ट घालायचं. या पद्धतीला ऑल-ग्रेन म्हणतात. अख्खा शनिवार जातो, पण बिअर हलकी हवी की भरीव, कोरडी हवी की गोडसर, हे सगळं आपल्या हातात येतं. बॅचमागे कच्च्या मालाचा खर्चही पाकापेक्षा कमी पडतो.

नवखा माणूस फसतो तो बहुतेक वेळा कृती निवडताना. पहिल्या खेपेला आयपीए, दुसऱ्या खेपेला स्टाउट, मग गव्हाची, मग बेल्जियन. चारही बिअर पिण्याजोग्या होतात, पण दुसरी पहिलीपेक्षा बरी का झाली याचं उत्तर मिळत नाही, कारण चारही वेळा सगळंच बदललेलं असतं. म्हणून माझा आग्रह आहे की पहिल्या चार बॅच एकाच साध्या कृतीच्या करा. पहिल्या दोन तंतोतंत सारख्या, तिसरीत एकच बदल, चौथीत दोन भाग. खालच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने मांडल्या आहेत.

माल्ट म्हणजे काय हे मराठी घरात फार समजावून सांगावं लागत नाही. नाचणीचं सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो. बार्लीचंही तेच करतात. मोड येताना दाण्यात जी एन्झाइम तयार होतात, तीच पुढे आपल्या पातेल्यात स्टार्चची साखर करतात.

1. आधी कायदा

घरी बिअर बनवायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने परवानगी आहे. ऑक्टोबर 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या विधेयकावर सही केली आणि 1 फेब्रुवारी 1979 पासून ती तरतूद लागू झाली. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर 200 गॅलन. पाच गॅलनच्या बॅच धरल्या तर 200 गॅलन म्हणजे चाळीस बॅच, तेव्हा मर्यादा ओलांडण्याची भीती नाही. मित्रांना द्या, पण विकू नका. एक डॉलरही घेऊ नका. राज्यांचे नियम वेगळे असतात (अलाबामा आणि मिसिसिपीत तर 2013 पर्यंत घरची बिअर बेकायदेशीर होती), विशेषतः बिअर घराबाहेर नेण्याबाबत. आपल्या राज्याचा नियम एकदा वाचून घ्या. भाड्याचं घर असेल तर करारात गॅस बर्नरबद्दल काय लिहिलंय तेही पाहा.

ही परवानगी बिअर आंबवण्यापुरतीच आहे. ऊर्ध्वपातन करून दारू गाळणं हा केंद्रीय गुन्हा आहे, तिकडे वळू नका.

आणि महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्यांसाठी स्पष्टच सांगतो: महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 खाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, आणि त्यात घरची बिअरही येते. सुट्टीवर गावी जाल तेव्हा तिथे प्रयोग करू नका.

2. सामान

दुकानात तीन पातेल्यांची, पंप लावलेली चकचकीत यंत्रणा दाखवतील. ती आत्ता नको. एका पातेल्यात, जाळीच्या पिशवीत धान्य भिजवण्याची पद्धत नवख्यासाठी उत्तम आहे आणि पुढेही पुरते. एवढं लागेल:

- 10 गॅलनचं, म्हणजे साधारण 38 लिटरचं स्टीलचं पातेलं. खाली नळ असेल तर सोय होते
- पातेल्याच्या तोंडावर बसेल अशी बारीक जाळीची मजबूत पिशवी
- अंगणात वापरायचा प्रोपेन बर्नर
- चांगला डिजिटल थर्मामीटर
- हायड्रोमीटर, म्हणजे साखरेमुळे वाढलेली पाण्याची घनता मोजायचं साधन, आणि त्याची उंच नळी
- तांब्याच्या नळीचं वेटोळं, म्हणजे चिलर
- साडेसहा गॅलनच्या दोन फूड-ग्रेड बादल्या: एक आंबवायला, झाकण आणि एअरलॉकसह (हा आतला वायू बाहेर सोडतो, बाहेरची हवा आत येऊ देत नाही), दुसरी नळ असलेली, बाटल्या भरायला
- सायफन, नळी आणि बाटली भरायची कांडी
- ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा
- तपकिरी बाटल्या, बुचं आणि बुचं बसवायचं यंत्र
- धुण्याची पावडर आणि स्टार सॅनसारखं न विसळता चालणारं सॅनिटायझर
- एक वही

पैसे थोडे असतील तर थर्मामीटरवर खर्च करा आणि पातेलं साधं घ्या. उलटं करू नका. नवा थर्मामीटर आणला की बर्फाच्या पाण्यात शून्य आणि उकळत्या पाण्यात शंभरच्या आसपास दाखवतो का ते बघा. डेन्व्हरसारख्या उंचावरच्या गावात पाणी 95 अंशांच्या सुमाराला उकळतं हे लक्षात ठेवा. हायड्रोमीटर साध्या पाण्यात 1.000 दाखवायला हवा.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी सगळं निम्मं करावं. 20 लिटरचं पातेलं, दहा लिटरची बॅच, स्वयंपाकघरातली शेगडी. खालचे आकडे अर्धे केले की झालं. प्रोपेन बर्नर मात्र घरात किंवा बंद गॅरेजमध्ये कधीही पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही आणि तो जीव घेतो. गॅरेजचं दार उघडं ठेवून पेटवणंही टाळा.

3. स्वच्छता

धुणं वेगळं आणि सॅनिटाइझ करणं वेगळं. आधी पावडरने घासून, विसळून डोळ्यांना दिसणारी घाण घालवायची. चिकट थर राहिला तर त्याच्याखाली सॅनिटायझर पोचत नाही. मग सॅनिटायझर. स्टार सॅनचं प्रमाण पाच गॅलन पाण्याला एक औंस, म्हणजे 30 मिली. एक-दोन मिनिटं ओलं राहिलं की काम झालं. फेस राहतो, तो राहू द्या. नळाच्या पाण्याने तो धुऊन टाकलात तर केलेलं काम वाया जातं.

उकळण्याच्या आधी जे काही वापरता ते नुसतं स्वच्छ असलं तरी चालतं. उकळून झाल्यावर मात्र वर्टला, म्हणजे त्या गोड पाण्याला, जे जे लागेल ते सॅनिटाइझ केलेलंच हवं: चमचा, थर्मामीटर, बादली, झाकण, यीस्टचं पाकीट कापायची कात्रीसुद्धा. फवारणीच्या बाटलीत सॅनिटायझर भरून हाताशी ठेवा.

4. पाणी

शहराच्या नळाला येणाऱ्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं. माल्टमधल्या घटकांशी त्याचा संयोग होऊन बिअरला चिकटपट्टीसारखा औषधी वास येतो आणि तो नंतर कशानेही जात नाही. क्लोरीन उकळून उडतं, क्लोरामाइन सहज उडत नाही. उपाय सोपा आणि स्वस्त आहे: कॅम्पडेनची गोळी. एक गोळी 20 गॅलनना पुरते, आपल्याला अर्धी पुष्कळ झाली. चुरून पाण्यात टाका, ढवळा, पाच मिनिटं थांबा. नुसता घरगुती कोळशाचा फिल्टर क्लोरामाइनला पुरेलच असं नाही, तेव्हा फिल्टर असला तरी गोळी टाका.

जिप्सम, कॅल्शियम क्लोराइड वगैरे क्षारांची गणितं चौथ्या बॅचनंतर. तुमच्या नळाचं पाणी प्यायला चांगलं लागत असेल तर फिकट एलसाठी, म्हणजे आपण करणार आहोत त्या प्रकारच्या बिअरसाठी, ते चालतं. विहिरीचं फार जड पाणी असेल तर दुकानातलं साधं पिण्याचं पाणी आणा.

5. कृती

अमेरिकन पेल एल. ही निवडण्याचं कारण असं की तिच्यात दोन माल्ट आणि एकच हॉप आहे, दोष लपायला जागा नाही, आणि चूक झाली तरी बिअर फेकावी लागत नाही.

- पेल माल्ट, टू-रो: 4.5 किलो
- क्रिस्टल माल्ट 40: 340 ग्रॅम
- कॅस्केड हॉप्स, 6 टक्के आल्फा आम्लाचे (कडवटपणा याच आम्लातून येतो): 84 ग्रॅम, म्हणजे एक औंसाची तीन पाकिटं
- यीस्ट: सेफेल यूएस-05, 11.5 ग्रॅमचं एक पाकीट
- पाणी: 31 लिटर
- बाटल्यांत गॅस धरावा म्हणून डेक्स्ट्रोज साखर: 115 ग्रॅम

फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या बादलीत, 21 लिटर वर्ट, सुरुवातीची घनता 1.050, शेवटची 1.011च्या आसपास, मद्यार्क सुमारे 5 टक्के. कॅस्केड हा ओरेगनमध्ये तयार झालेला, 1972 साली शेतकऱ्यांसाठी खुला झालेला हॉप. ग्रेपफ्रूटची साल आणि फुलांचा वास येतो. कॅलिफोर्नियातल्या चिकोच्या सिएरा नेवाडाची पेल एल प्यायली असेल तर हा वास ओळखीचा आहे. कांदाभजीबरोबर ही बिअर फार छान लागते.

माल्ट दुकानातच दळून घ्या. पिशवीची पद्धत आहे असं सांगा, म्हणजे ते थोडं बारीक दळतील. काही दुकानांत दोनदा दळून देतात. प्रत्येक दाणा फुटलेला हवा. मूठभर हातात घेऊन बघा: अखंड दाणे दिसले तर परत गिरणीतून काढायला सांगा, संकोच करू नका. साखर कमी निघण्याचं हे सगळ्यात मोठं कारण असतं. दळलेलं माल्ट दोन आठवड्यांत वापरा. हॉप्स फ्रीझरमध्ये, यीस्ट फ्रिजमध्ये.

6. मॅश

मॅश म्हणजे दळलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवून त्यातली साखर काढणं. सगळी बिअर इथे ठरते, म्हणून इथे घाई नको.

31 लिटर पाणी 70 अंश सेल्सिअसपर्यंत तापवा (158 फॅरनहाइट). गॅस बंद करा. मगच पिशवी पातेल्यात सोडून काठाला चिमटे लावा, नाहीतर तळाशी पिशवी जळते. आता एकाने धान्य हळूहळू ओतायचं आणि दुसऱ्याने ढवळत राहायचं. एकटे असाल तर थोडं ओता, ढवळा, परत ओता. गुठळ्या होतात, वरून ओल्या दिसतात आणि फोडल्या की आत कोरडं पीठ निघतं. त्या पिठातली साखर तुम्हाला मिळणार नाही, तेव्हा पातेल्याच्या कडेला दाबून एकेक फोडा. पाच मिनिटं मनापासून ढवळा.

तापमान 67 अंशांवर (साधारण 152-153 फॅरनहाइट) स्थिरावायला हवं. तीन ठिकाणी मोजा, मध्यभागी आणि कडेला फरक असतो. जास्त निघालं तर झाकण उघडं ठेवून ढवळा किंवा थोडं गार पाणी घाला. कमी निघालं तर पिशवी उचलून धरून मंद आच द्या. झाकण लावा, पातेल्याभोवती जुनी गोधडी गुंडाळा आणि एक तास थांबा. बर्नर पूर्ण विझला आहे याची खात्री गोधडी गुंडाळण्याआधी करा. तासाभरात एक-दोन अंश उतरलं तरी काही बिघडत नाही.

67च का? माल्टमध्ये दोन एन्झाइम कामाला असतात. बीटा-अमायलेझ 60 ते 65 अंशांत जोरात चालतं आणि यीस्टला सहज खाता येईल अशी साखर करतं. आल्फा-अमायलेझला 68 ते 72 मानवतं, त्याच्याकडून यीस्टला न पचणारी साखरही बरीच शिल्लक राहते. 64-65वर मॅश केलं तर बिअर कोरडी, हलकी. 69-70वर केलं तर भरीव, गोडसर. 67 हा मधला रस्ता. म्हणूनच चांगला थर्मामीटर.

मधे एकदा चमच्याने थोडं पाणी काढून, गार करून चाखा. पहिल्या पाच मिनिटांत ते पांढुरकं आणि पिठूळ लागतं. अर्ध्या तासाने तेच पाणी स्वच्छ होत जातं, रंग मधाकडे झुकतो आणि जिभेला सरळ गोड लागतं. स्टार्चची साखर झाली, हे कळायची ही सोपी सोय.

तास झाला की पिशवी उचला. भिजलेलं धान्य आठ-नऊ किलो भरतं आणि गरम असतं. शिडीला दोर टाकून कप्पी लावली तर पाठ वाचते. निथळू द्या, जाड हातमोजे घालून पिळा. पिळल्याने बिअर तुरट होते असं काही जण सांगतील, त्यावर विश्वास ठेवू नका. तुरटपणा फार जास्त तापमानामुळे आणि पाण्याच्या अल्कधर्मी गुणामुळे येतो, पिळण्याने नाही. पातेल्यात आता साडेसत्तावीस लिटरच्या आसपास वर्ट असायला हवं.

उरलेलं धान्य टाकू नका. कपडे वाळत घालावेत तसं पातळ पसरून ओव्हनमध्ये 95 अंशांवर पूर्ण कोरडं करा, दळा, आणि थालीपिठाच्या भाजणीत पाव भागापर्यंत मिसळा. टरफलामुळे पीठ भरड लागतं, त्याहून जास्त घालू नये. हे त्याच दिवशी करा. ओलं धान्य उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारायला लागतं.

7. उकळी

गॅस मोठा करा आणि पहिली उकळी येईपर्यंत पातेल्यासमोरून हलू नका. तपकिरी फेसाचा थर जमतो, वर चढतो आणि क्षणात बाहेर येतो. पेटत्या बर्नरवर चिकट वर्ट सांडणं धोक्याचं आहे. फेस चढू लागला की आच कमी करा, ढवळा, पाणी फवारा. काही मिनिटांनी फेस फुटतो, वर्टमध्ये अंड्याच्या पांढऱ्यासारखे धागे तरंगताना दिसतात आणि पुढे उकळी शांत चालते. ती प्रथिनं आहेत, नंतर तळाशी बसतात.

तिथून साठ मिनिटं:

- सुरुवातीला 40 ग्रॅम हॉप्स, कडवटपणासाठी
- 15 मिनिटं उरली असताना 22 ग्रॅम, चवीसाठी. त्याच वेळी धुतलेला चिलर पातेल्यात सोडा, म्हणजे तो उकळून निर्जंतुक होईल
- गॅस बंद करताना शेवटचे 22 ग्रॅम, वासासाठी

झाकण उघडंच ठेवा. फिकट माल्टमधून उकडलेल्या मक्यासारखा वास देणारा पदार्थ निघतो आणि तो वाफेबरोबर जावा लागतो. हॉप्सच्या पाकिटावर आल्फा आम्ल 6 टक्के नसेल तर पहिल्या 40 ग्रॅमचं प्रमाण त्या हिशेबाने बदला: 8 टक्के असेल तर 30 ग्रॅम.

घरात कुत्रा असेल तर हॉप्सचा गाळ त्याच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी टाका. हॉप्स खाल्ल्याने कुत्र्याच्या शरीराचं तापमान भयंकर वाढतं आणि तो दगावू शकतो.

8. गार करणं आणि यीस्ट

चिलरमधून नळाचं पाणी सोडा, वर्ट हलकेच ढवळत राहा. पहिलं बाहेर येणारं पाणी कढत असतं, ते बादलीत धरून नंतर भांडी धुवायला वापरा. ऑगस्टमध्ये न्यू जर्सी किंवा टेक्ससच्या नळाचं पाणीच कोमट असतं आणि वर्ट 27-28 अंशांच्या खाली उतरत नाही. अशा वेळी वर्ट बादलीत काढून झाकण लावा, बर्फाच्या टबमध्ये ठेवा आणि 18 अंशांवर येईपर्यंत वाट पाहा. काही तास उशिरा यीस्ट घातलं तर चालतं, गरम वर्टमध्ये घातलेलं चालत नाही.

वर्ट बादलीत उंचावरून, फेस येईल असं पडू द्या, यीस्टला सुरुवातीला ऑक्सिजन लागतो. हायड्रोमीटरसाठी नमुना काढा, 20 अंशांवर येऊ द्या, आकडा वहीत लिहा. वर्ट 21 लिटर आणि घनता 1.050 आली तर धान्यातली साधारण 70 टक्के साखर तुम्हाला मिळाली. त्याच 21 लिटरना 1.046 म्हणजे 65 टक्के, 1.053 म्हणजे 75. पहिल्या खेपेला 65 आले तर निराश होऊ नका. वर्ट किती लिटर भरलं हेही लिहा, नाहीतर घनतेच्या आकड्याला अर्थ नाही.

यीस्ट वरून शिंपडा, झाकण, एअरलॉक. संपलं.

9. आंबवणं

मॅशनंतर बिअर बिघडायची दुसरी मोठी जागा हीच. यूएस-05ला 18 ते 20 अंश मानवतात. आंबताना वर्ट स्वतः गरम होतं आणि खोलीपेक्षा तीन-चार अंश वर जाऊ शकतं, म्हणजे 22 अंशांच्या खोलीत बादलीतलं तापमान 25-26. पहिले तीन-चार दिवस हे झालं की बिअरला स्पिरिटसारखा उग्रपणा आणि डोकं जड करणारी चव येते. बेसमेंट असेल तर बादली तिथे सिमेंटच्या जमिनीवर ठेवा. नसेल तर मोठ्या टबात पाणी भरून त्यात ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ बर्फाच्या बाटल्या बदला. बादलीच्या बाहेर चिकटवायची तापमानाची पट्टी दोन-चार डॉलरना मिळते, ती लावा.

दिवसभरात फेस चढतो, एअरलॉक बुडबुडे सोडतो. तीन-चार दिवसांनी ते थांबतं. बुडबुडे थांबले म्हणजे काम झालं असं समजू नका, आणि झाकण सैल असल्याने बुडबुडे आलेच नाहीत तर घाबरूही नका. खरं सांगतो तो हायड्रोमीटर. दहाव्या दिवशी एक नमुना, तेराव्या दिवशी दुसरा. दोन्ही आकडे सारखे आणि 1.010 ते 1.012च्या आसपास असतील तर बाटल्या भरा. मधल्या काळात दर दिवशी झाकण उघडून बघण्याचा मोह आवरा.

10. बाटल्या

115 ग्रॅम डेक्स्ट्रोज दीड कप पाण्यात उकळा, गार करून बाटल्या भरायच्या बादलीत ओता. आंबवण्याच्या बादलीतून बिअर सायफनने त्यावर सोडा, नळीचं टोक तळाशी बुडलेलं ठेवा. यीस्ट घालताना हवा हवी होती, आता अजिबात नको. खळखळ आवाज आला की बिअरला काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. तळाचा गाळ मागे राहू द्या. साधारण 19 लिटर बिअर हाती येते, 12 औंसांच्या पन्नासेक बाटल्या.

इथली एक सूचना कृपया हलक्यात घेऊ नका. आंबणं पूर्ण व्हायच्या आत बाटल्या भरल्या किंवा साखर जास्त पडली तर बाटली फुटते आणि काचा उडतात. साखर मापाने घेऊ नका, वजन करा. फिरकीच्या बुचाच्या पातळ बाटल्या वापरू नका. पहिल्या बॅचच्या बाटल्या झाकण असलेल्या प्लास्टिकच्या खोक्यात, मुलांपासून लांब ठेवा.

20-21 अंशांच्या खोलीत दोन आठवडे, मग फ्रिजमध्ये दोन दिवस. हिवाळ्यात बेसमेंट थंड असेल तर बाटल्या वर आणा, 14-15 अंशांवर गॅस फार सावकाश धरतो. ओतताना तळाचा यीस्टचा थर बाटलीतच राहू द्या.

चाखताना काही खटकलं तर कारण बहुधा यांतलं असतं:

- चिकटपट्टी, औषधी वास: पाण्यातलं क्लोरीन
- हिरवं सफरचंद: यीस्टवरून लवकर काढली
- लोणी: आंबणं संपताना गारठा पडला; पुढच्या वेळी शेवटचे दोन-तीन दिवस 20-21 अंशांवर ठेवा
- उकडलेला मका: उकळताना झाकण होतं किंवा आच मंद होती
- आंबट, आणि दर आठवड्याला वाढता फेस: जंतू शिरले, नळी आणि बादलीचा नळ उघडून तपासा, घाण बहुतेक तिथेच असते

11. दुसरी, तिसरी, चौथी

दर दुसरा शनिवार ठरवून घ्या. पहिल्या शनिवारी पहिली बॅच. दोन आठवड्यांनी तिच्या बाटल्या भरायच्या आणि त्याच दिवशी दुसरी शिजवायची. आणखी दोन आठवड्यांनी दुसरीच्या बाटल्या, तिसरीची शिजवणी, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी पहिलीची बाटली उघडायची. मेमोरियल डेला मित्रांना द्यायची असेल तर एप्रिलच्या मध्यापर्यंत शिजवलेली हवी. बाटल्या शंभराच्या वर लागतील. ज्यांना बिअर देता त्यांना रिकाम्या बाटल्या लगेच विसळून परत द्यायला सांगा. पन्नास बाटल्या दोन आठवड्यांत एका घराने संपवायच्या नसतातच, वाटायचं धोरण ठेवा किंवा निम्म्या बॅच करा.

दुसरी बॅच पहिलीसारखीच, एका ग्रॅमचाही फरक नको. फक्त यीस्ट विकत आणायचं नाही. पहिलीच्या बाटल्या भरून झाल्या की तळाशी दाट, सायीच्या रंगाचा थर उरतो. त्यातला एक कप, साधारण 200 मिली, सॅनिटाइझ केलेल्या बरणीत काढा आणि संध्याकाळी नव्या वर्टमध्ये घाला. सगळा थर घालू नका, गरजेपेक्षा पुष्कळ जास्त होतो. आधी वास घ्या: पावासारखा, फळासारखा असेल तर ठीक, आंबट किंवा कुजका असेल तर फेकून नवं पाकीट वापरा. हे यीस्ट जोमदार असतं, सहा-सात तासांत फेस येतो, त्यामुळे तापमानाकडे पहिल्याच रात्री लक्ष द्या.

या बॅचला वही उघडून आकडे शेजारी मांडा. घनता दोन-तीन पॉइंटच्या (1.050 आणि 1.049 यांत एका पॉइंटचा फरक) आत जुळली तर तुमचा हात बसला. 1.050 आणि 1.043 असा फरक पडला तर दळण, वर्टचे लिटर आणि मॅशचं तापमान, या क्रमाने तपासा.

तिसरी बॅच शिजवण्याच्या आदल्या संध्याकाळी पहिलीची बाटली उघडा, शांतपणे चाखा, आणि एकच बदल ठरवा. जड वाटली तर मॅश 67ऐवजी 65 अंशांवर. पातळ वाटली तर 69वर. वास कमी वाटला तर शेवटचे हॉप्स 22 ऐवजी 50 ग्रॅम. दोन बदल सुचले तर दुसरा वहीत लिहून ठेवा, पुढे कधीतरी. यीस्ट याही वेळी आधीच्या बॅचचंच चालेल.

चौथीला वर्ट एकच, फर्मेंटर दोन. साडेदहा लिटर एका बादलीत, साडेदहा दुसऱ्या. तिसरी बॅच ज्या कृतीची केली तीच ठेवा. एकीत नवं यूएस-05, दुसरीत इंग्लिश वळणाचं एस-04, दोन्ही एकाच तापमानाला. बाटल्यांच्या बुचांवर पेनाने खूण करा, भरताना सगळ्या सारख्याच दिसतात. बादल्या छोट्या असल्या तरी साखर मात्र प्रत्येक भागाला वेगळी मोजा: लिटरला 6 ग्रॅम.

दोन आठवड्यांनी तीन सारखे ग्लास घ्या. दोन ग्लासांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. मित्राला पाठमोरं उभं करून ओता आणि वेगळा ग्लास कोणता ते ओळखायला सांगा. ग्लासांची जागा बदलून तीन-चार जणांकडून हे करून घ्या, तुम्हीही करा, ओतणारा दुसरा असू द्या. वेगळा ग्लास बहुतेकांना ओळखता आला तर मगच कोणती आवडली ते विचारा. ओळखता आलाच नाही, तर पुढच्या खेपेला जे पाकीट दुकानात ताजं असेल ते घ्या.